चार तासांनंतरची झोप

"तुमचा डबा मेलाय," असं म्हणत कुंदा गांगुर्डेंनी तो माझ्या टेबलावर असा आदळला, की माझा चहा कीबोर्डवर सांडला.

मी आधी कीबोर्ड पुसला. मुद्दाम सावकाश पुसला. मग डब्याचं बटण दाबलं. छोटा पडदा उजळला. तापमान सत्तावीस दशांश चार.

"मेलेले असे डोळे उघडतात का मॅडम?"

"हात लावला की उठतो. तेच तर सांगतेय. खालची यादी बघा ना."

यादीत दर दहा मिनिटांनी एक नोंद असायला हवी होती. नऊ दहापासून एक दहापर्यंत ती होती. त्यानंतर एकदम चार वाजून पाच मिनिटं, म्हणजे आत्ता मी बटण दाबलं तेव्हाची. मधले तीन तास गायब.

"बॅटरीचा कनेक्टर ढिला बसवला असेल तुम्ही."

"मी बसवलेला कनेक्टर ढिला नसतो, सर."

"मग कॉम्प्युटरची केबल लावून टेस्ट करा. पद्धत लिहून दिलीय ना मी? केबल लावायची, नोंदींचा लॉग घ्यायचा, मग बोलायचं."

"केबल लावली की मरत नाही. काढून ठेवला की मरतो."

"वा! म्हणजे मी बघत असलो की शहाण्यासारखा वागतो आणि तुम्ही एकट्या असलात की मान टाकतो. भलताच तुमच्यावर रुसलाय."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. ते हसावेत म्हणूनच मी बोललो होतो. गांगुर्डेबाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा उचलला, काखेतल्या रजिस्टरात उभ्या-उभ्या वेळ लिहिली आणि निघून गेल्या.

याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, नाशिकजवळच्या अंबड एमआयडीसीत एका लहान कंपनीत कामाला होतो आणि आपल्याइतकं कुणाला कळत नाही याबद्दल माझी खात्री होती. तो डबा लसींच्या फ्रिजवर बसवायचा होता. खेडोपाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात वीज जाते, फ्रिज तापतो, लस खराब होते, आणि ती खराब झालीय हे बघून कळत नाही. आमचा डबा दर दहा मिनिटांनी फ्रिजचं तापमान बघणार, टिपून ठेवणार आणि पारा चढला तर सिस्टरच्या मोबाइलवर मेसेज टाकणार. वीज नसताना तो बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी पुरवायची तर त्याला उरलेला सगळा वेळ झोपायला लावणं भाग होतं.

हे झोपवणं आणि उठवणं माझ्याकडे होतं. अशा यंत्राच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. कुठल्या भागाला किती वीज द्यायची, कुणाची कधी तोडायची, हे तो ठरवतो. त्याला ते नियम मी घालून दिले होते. त्यातला एक नियम माझ्या फार आवडीचा होता. बॅटरीवर असताना चार तास डब्याला कुणी हात लावला नाही, तर साध्या झोपेतून गाढ झोपेत जायचं आणि गरज नसलेली प्रत्येक वीज तोडायची. त्या एका नियमाने बॅटरी दोन दिवसांऐवजी सहा दिवस पुरत होती. आमचे मालक-संचालक रणदिवे साहेब तर ज्याला-त्याला ते सांगत सुटले होते, आणि एप्रिलपासून मला विभागप्रमुख करायचं त्यांनी मनात घेतलं होतं.

गांगुर्डेबाई टेस्टिंगला होत्या. कळवणच्या बाजूच्या, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. दर वर्षी एकतीस मार्चला त्यांचं कंत्राट संपायचं आणि दर वर्षी नवं व्हायचं. त्यांच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नसे. इंजिनिअर नसलेल्या बाईच्या सहीसाठी आपण थांबायचं, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. उगाच आव कशाला आणू?

तरी मी तपासलं नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक डबा बॅटरीवर टाकला, केबल काढली आणि टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिला. दर तासाला बटण दाबून यादी बघितली. दहा, अकरा, बारा, एक, संध्याकाळी सहापर्यंत. एकही नोंद चुकलेली नव्हती. मी तो डबा घेऊन तावातावाने टेस्टिंगमध्ये गेलो.

"हा घ्या. नऊ तास. केबल नाही, काही नाही. आता काय म्हणणं आहे?"

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "तुम्ही मधे हात लावला होता?"

"बघायला नको? बघितल्याशिवाय कळणार कसं, चालू आहे का ते?"

"मी नाही बघत. सकाळी ठेवते आणि संध्याकाळीच उचलते. पाड्यावरच्या दवाखान्यात दर तासाला कोण बटण दाबणार आहे?"

"मॅडम, तुमच्या हातात काहीतरी दोष आहे. डब्यात नाही."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. आतापर्यंत त्या कामाचं भांडत होत्या. "हातावर जाऊ नका, सर," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं याच हातांनी तुमच्यासारख्यांचं घाण झालेलं काम निस्तरलंय."

उत्तर एवढं समोर ठेवलेलं होतं आणि मला ते दिसलं नाही. मला फक्त "घाण झालेलं काम" एवढंच ऐकू आलं. मी जागेवर गेलो आणि बारा जणांना ईमेल लिहिलं, रणदिवे साहेबांसकट. टेस्टिंगमध्ये ठरलेली पद्धत पाळली जात नाही, कनेक्टर निष्काळजीपणे हाताळले जातात, हाताने लिहिलेल्या रजिस्टरवर विसंबून चांगला माल नापास केला जातो आणि त्यामुळे आठशे डब्यांची ऑर्डर अडकली आहे. शेवटी लिहिलं की या कामाला जास्त जबाबदार माणूस द्यावा. ते वाक्य तीनदा वाचलं आणि मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी रणदिवे साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, सही का अडवताय?"

"सहा डबे केबल काढून ठेवले, साहेब. सहाही एकच्या सुमारास मेले. हे बघा, तारखा आहेत, वेळा आहेत."

"दुसाने, तुझ्याकडे?"

"माझ्याकडे चाळीस डब्यांचे लॉग आहेत. एकही मेलेला नाही."

साहेबांनी रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. "बाई, हा माणूस रात्रंदिवस यावर बसलाय. तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का?"

"मला कर्नलमधलं काही कळत नाही, साहेब. मेलेलं कळतं."

"ठीक आहे. तुम्ही काही दिवस पॅकिंग बघा. सही टेस्टिंगमधला मोरे करेल."

पॅकिंग म्हणजे खालच्या मजल्यावर खोके चिकटवायचं काम. बाईंनी रजिस्टर काखेत घातलं. मला मात्र वाटलं होतं की त्या रडतील, आणि रडल्या नाहीत म्हणून मला आणखीच राग आला.

पुढच्या शनिवारी दुपारी मी माझ्या टेबलावर एक डबा बॅटरीवर टाकला आणि घाईत तसाच सोडून गेलो. मुलीचा वाढदिवस होता. सोमवारी आल्यावर सहज बटण दाबलं. शनिवारची शेवटची नोंद सहा वाजून दहा मिनिटांची होती. त्यानंतर थेट सोमवार, नऊ वीस.

कनेक्टर मीच बसवलेला होता. ओढून बघितला, घट्ट होता. मी डबा ठेवला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बोटांवर तास मोजले. चार.

एका क्षणात सगळं लक्षात आलं. माझ्या चाळीस लॉगांमध्ये केबल लावलेली होती, आणि केबल लावलेली असली की कर्नलच्या लेखी कुणीतरी हात लावूनच बसलेलं असतं. ज्या दिवशी केबल काढली, त्या दिवशी मी दर तासाला बटण दाबून त्याची झोप मोडत होतो. डबा माझ्यासमोर एकदाही गाढ झोपला नव्हता. बाईंसमोर रोज झोपत होता.

दोष शोधायला वीस मिनिटं लागली. यंत्रात कुठला भाग कुठे आहे हे कर्नलला सांगणारी एक फाइल असते. त्यात दर दहा मिनिटांनी डब्याला उठवणाऱ्या गजराच्या घड्याळाची नोंद होती. हे घड्याळ झोपेतून उठवणारं आहे, याची वीज कधीही तोडायची नाही, हे सांगणारा एक शब्द त्या नोंदीत लागतो. तो मी लिहिला नव्हता. साध्या झोपेत त्याने काही बिघडत नव्हतं. गाढ झोपेत कर्नल माझ्याच हुकमाने एकेक वीज तोडत जायचा आणि शेवटी गजराचीही तोडायचा. मग त्याला उठवणार कोण?

मी तो शब्द लिहिला. कर्नल नव्याने तयार केला, दोन डब्यांवर घातला आणि त्यांना दिवसभर हात लावला नाही. संध्याकाळी दोन्ही याद्या पूर्ण होत्या. मग बदलाची नोंद करताना कारण लिहायची वेळ आली. तिथे मी लिहिलं, "किरकोळ साफसफाई."

पुढचे तीन दिवस, अंतिम आवृत्ती घालायचीय असं सांगून, मी आठशेच्या आठशे डबे नव्या कर्नलवर आणले. कुणी काही विचारलं नाही. शुक्रवारी आरोग्य खात्याचे अधिकारी माल बघायला येणार होते. ते येऊन गेले की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. आधी ऑर्डर जाऊ दे, मग शांतपणे साहेबांना सांगू, बाईंना टेस्टिंगमध्ये परत आणू. हे मला इतकं रास्त वाटत होतं की मी जवळजवळ स्वतःवर खूश होतो.

शुक्रवारी सकाळी नऊला मी पॅकिंगमधून जात होतो. गांगुर्डेबाईंनी तयार मालातला एक डबा काढला, बॅटरी जोडली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज अधिकारी आहेत ना? त्यांना दाखवणार आहे."

"साहेबांना विचारलंत?"

"साहेबांनी काल मोरेच्या तोंडी निरोप पाठवलाय. पाहुण्यांसमोर तमाशा केला तर एकतीस मार्चनंतर यायचं नाही. पण आधीच्या कागदावर माझ्या सहीने नापास लिहिलेलंय. ते विचारतीलच. मी खोटं सांगणार नाही."

त्या डब्यात नवा कर्नल होता. तो एक वाजता मरणार नव्हता. मला हे माहीत होतं, त्यांना नव्हतं. "तो डबा नका दाखवू" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, "तुमची मर्जी," आणि जिना चढून वर आलो. त्यानंतर पाच तास मी वरच्या मजल्यावर होतो आणि खाली जायला दोन मिनिटं लागत.

अधिकारी दोनला आले. डॉ. पाडवी, पन्नाशीचे, शांत. आदिवासी भागात वीस वर्षं नोकरी झालेली. त्यांनी कागद एकेक करून पाहिले आणि एका पानावर बोट ठेवलं.

"या कुंदा गांगुर्डे कोण? यांनी नापास लिहिलंय. पुढच्या पानावर दुसऱ्याने पास लिहिलंय."

"काही नाही सर, पद्धतीतली चूक होती," रणदिवे साहेब म्हणाले. "दुसाने सांगेल."

"त्यांनाच बोलवा ना. आहेत का?"

बाई आल्या. एक हात पदराला पुसत आल्या, दुसऱ्या हातात डबा. बसल्या नाहीत.

"बोला ताई, काय बिघाड दिसला तुम्हाला?"

"चार तास हात लावला नाही की हा झोपतो तो उठतच नाही, सर. हात लावला की लगेच उठतो, म्हणून इथे कुणाला पटत नाही. हा मी नऊ वाजता ठेवलाय. आत्तापर्यंत कुणी शिवलं नाही. एकनंतर त्यात काही नसणार. तुम्हीच बटण दाबा."

डॉ. पाडवींनी चष्मा लावला, बटण दाबलं आणि मोठ्याने वाचायला लागले. "नऊ दहा. नऊ वीस. नऊ तीस." बाई त्यांच्याकडे बघत होत्या. मी टेबलाच्या कडेकडे. "बारा पन्नास. एक. एक दहा." इथे त्यांनी बाईंकडे नजर टाकली. "एक वीस. एक तीस. एक चाळीस. एक पन्नास. दोन. दोन दहा."

डॉ. पाडवींनी चष्मा काढला.

"हे पूर्ण आहे, ताई," ते म्हणाले. आवाजात उपहास नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकवेना.

बाईंनी डबा हातात घेतला. स्वतः यादी खालीवर केली. डबा उलटा करून नंबर बघितला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. अंदाज त्यांना तिथेच आला होता, माझी खात्री आहे.

"काय बदललंत, सर?"

रणदिवे साहेब, डॉ. पाडवी, मोरे, सगळे माझ्याकडे वळले.

"कशात?" मी म्हणालो.

"बाई, पुरे झालं," रणदिवे साहेब कडाडले. "जा खाली. सर, माफ करा, जरा वैयक्तिक आकस आहे यांचा."

त्या गेल्या. दहा मिनिटांत डॉ. पाडवींनी कागदावर सही केली. सगळे चहाकडे वळले तसा मी जिना उतरून धावत सुटलो. पॅकिंगमध्ये बाई नव्हत्या. गेटजवळ स्कूटीची डिकी उघडून त्या पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, ऑफिसची चप्पल असं एकेक आत कोंबत होत्या.

"मॅडम, ऐका."

"काय बदललंत?"

"एक शब्द."

"कधी?"

"सोमवारी. मला सोमवारी कळलं. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी डिकी धाडकन लावली. "सोमवारी कळलं. आज सकाळी मी तुमच्या समोर डबा ठेवला. तेव्हा?"

मी मागे वळून जिन्याकडे बघितलं.

"मी चुकले असते ना, सर, तर मी सगळ्यांदेखत कान पकडले असते. तुम्ही माझं बरोबर असलेलं चोरून चुकीचं केलंत. असं कसं सुचतं हो माणसाला?"

"मी सांगणार आहे. उद्या साहेबांना सगळं सांगतो."

"उद्या कशाला? ते बघा, अधिकारी खाली आले. साहेबही आहेत. चार पावलं आहेत. सांगा."

डॉ. पाडवी खरंच येत होते, मागे रणदिवे साहेब, बाजूला ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलेलं. आम्हाला बघून ते मुद्दाम वळून आले. त्यांनी आधी बाईंना नमस्कार केला.

"ताई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही शंका घेतलीत ते चांगलंच केलंत. चुकतं माणसाचं." मग माझा हात हातात घेतला. "आणि तुमचं कौतुक करावं तेवढं थोडं. आमच्याकडे पोरांच्या जिवाचा प्रश्न असतो. इतकं चोख काम कुणी करत नाही."

रणदिवे साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. बाई स्कूटीला टेकून उभ्या होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. थांबल्या होत्या. माझं तोंड उघडलं, शब्दही तयार होते.

"थँक्यू, सर," मी म्हणालो.

स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

सोमवारी त्यांचा राजीनामा टपालाने आला, दोन ओळींचा. कारणाच्या जागी वैयक्तिक असं लिहिलं होतं. एप्रिलमध्ये मी विभागप्रमुख झालो. आठशेचे आठशे डबे नंदुरबारकडच्या केंद्रांवर बसले आणि सहा वर्षं बिनबोभाट चालले. त्या कामाबद्दल माझ्याविरुद्ध आजवर कुणाचीही तक्रार आलेली नाही.